औषध एकदाही चुकले नव्हते, तरीही...

औषधांना दाद न देणारा क्षय म्हणजे रुग्णाच्या हलगर्जीपणाचे फळ, असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो. शहरांतून या रोगाचा माग काढणाऱ्यांनी मात्र निराळीच हकिकत समोर आणली आहे.

मुंबईतल्या कुठल्याही चाळीतली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. वय बावीस. सकाळी आठची लोकल गाठून नोकरीला जायचे, संध्याकाळी सातला घरी परतायचे. तीन आठवडे झाले, खोकला हटत नाही. तिन्हीसांजेला अंगात कसकस येते, रात्री घामाने उशी ओली होते. कोपऱ्यावरचे डॉक्टर आधी खोकल्याचे औषध देतात, मग एक 'स्ट्राँग' गोळी देतात. दोन महिन्यांनी छातीचा फोटो काढला जातो आणि घरात तो शब्द उच्चारला जातो : टी.बी.

गोळ्या सुरू होतात. आई स्वतः समोर उभी राहून गोळ्या देते. एकही दिवस चुकत नाही. तरी मुलीचे वजन उतरतच जाते. पाचव्या महिन्यात थुंकीची मोठी तपासणी होते आणि कळते, की चालू असलेल्या औषधांपैकी दोन मुख्य औषधे तिच्या अंगातल्या जंतूंवर चालतच नाहीत.

मग नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. "गोळ्या मधेच सोडल्या असतील. नाहीतर असे होईलच कसे?"

ही मुलगी कुणी एक नाही. मुंबई, दिल्ली, अहमदाबाद, सुरत, कोणत्याही मोठ्या शहरातल्या छातीच्या दवाखान्यात बाकावर बसलेली अशी मुलगी दिसेल. तिच्या आईच्या मनात एकच प्रश्न असतो : आमचे चुकले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी आता बऱ्याच अंशी शोधले आहे. ते प्रत्येक घराने ऐकण्यासारखे आहे.

कोटींत एखादाच, पण तोच घातक

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. जंतू सापडला, पण औषध नव्हते. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. घरात डॉक्टर, आणि ती डॉक्टरच रुग्ण. तरी हातात काही नव्हते.

पहिले खरे औषध हाती आले ते १९४३ साली : स्ट्रेप्टोमायसिन. ब्रिटनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली. खाटेला खिळलेले रुग्ण उठून बसू लागले. आनंद फार दिवस टिकला नाही. काही महिन्यांतच अनेकांचा रोग उलटला आणि आता त्यांच्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिन चालेना.

याचे कारण समजायला सोपे आहे. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली, की तिच्यात कोट्यवधी जंतू असतात. जंतू वाढताना त्यांच्यात आपोआप बारीकसारीक बदल होतात. त्यामुळे आयसोनियाझिड या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक निघतो. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. रुग्णाला एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हा चिवट मागे उरतो. मैदान मोकळे मिळाल्यावर त्याचीच प्रजा वाढते. दोन-तीन औषधे एकत्र दिली तर मात्र सगळ्यांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू जवळजवळ नसतोच. क्षयावर तीन-चार गोळ्या एकदम का देतात, याचे उत्तर हेच.

आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन हे या उपचाराचे दोन खांब. दोन्ही कोसळले, की त्या क्षयाला डॉक्टर 'एम.डी.आर.' म्हणतात. त्यापुढची काही महत्त्वाची औषधेही निकामी ठरली, की 'एक्स.डी.आर.'.

दोष कुणाचा?

औषधे अर्धवट घेतली तर जंतू शिरजोर होतात, हे खरेच आहे. दोन महिन्यांत बरे वाटू लागते, खोकला थांबतो, गावी जायचे असते, मजुरी बुडते; गोळ्या सुटतात. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने १९९७ पासून 'डॉट्स' ही पद्धत आणली. रुग्णाने गोळी कुणाच्या तरी देखत घ्यायची. २००६ पर्यंत सारा देश तिच्याखाली आला आणि असंख्य जीव वाचले.

पण तिच्यासोबत एक समजूतही घट्ट झाली : औषध लागू पडत नाही, म्हणजे रुग्णानेच घोळ घातला.

खरे तर घोळ घालणारे इतरही होते. १९९१ साली धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. क्षयासाठी त्यांनी लिहून दिलेले औषधोपचार ८० तऱ्हांचे निघाले! जवळपास वीस वर्षांनी, २०१० साली, हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तीच पाहणी पुन्हा केली. १०६ डॉक्टर, ६३ तऱ्हेचे उपचार, आणि बिनचूक चिठ्ठी लिहिणारे फक्त सहा. रुग्णाने अशी चिठ्ठी इमानेइतबारे पाळली, तरी त्याच्या अंगात चिवट जंतूच पोसले जाणार.

याच डॉ. उदवाडियांनी २०११च्या अखेरीस, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. त्यांनी वापरलेल्या नावावरून मोठा वाद झाला. सरकारने ते नाव मान्य केले नाही. पण त्या धक्क्याने यंत्रणा हलली. २०१२ साली प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. क्षयासाठी केल्या जाणाऱ्या, भलतेच निदान देणाऱ्या रक्ततपासण्यांवर बंदी आली. पुढे ही औषधे चिठ्ठीवाचून विकायलाही कडक मनाई झाली.

तरीही मूळ प्रश्न उरलाच. ज्यांनी एकही गोळी चुकवली नाही, किंबहुना ज्यांनी क्षयाची गोळी पूर्वी कधी पाहिलीही नव्हती, त्यांना हा क्षय कसा?

न्यूयॉर्कने दाखवलेली वाट

या प्रश्नाचा पहिला मोठा उलगडा झाला तो न्यूयॉर्कमध्ये. श्रीमंत देशातल्या श्रीमंत शहराने १९७०च्या दशकात क्षयाचे दवाखाने बंद केले, पैसा आखडता घेतला. पुढे एड्स आला, बेघरांची संख्या वाढली. शेकडो माणसे एकाच दालनात झोपतील अशी निवारागृहे उभी राहिली. १९९१च्या एप्रिलमध्ये शहरातल्या रुग्णांची तपासणी झाली तेव्हा दर शंभरांत १९ जणांचा क्षय एम.डी.आर. निघाला. १९९२ साली शहरात क्षयाचे ३,८११ रुग्ण नोंदले गेले.

त्याच सुमारास जंतूंच्या जनुकांचे ठसे घेण्याची युक्ती हाती आली होती. जसे दोन माणसांच्या बोटांचे ठसे जुळत नाहीत, तसेच दोन निराळ्या घराण्यांतल्या जंतूंचे ठसेही जुळत नाहीत. न्यूयॉर्कमधल्या अनेक रुग्णांचे ठसे मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळले. प्रत्येकाच्या अंगात रोग स्वतंत्रपणे बिघडला नव्हता. बिघडलेलाच जंतू रुग्णालयांतून, तुरुंगांतून, निवारागृहांतून एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता.

शहराने धडा घेतला. डॉ. टॉम फ्रीडन यांच्या देखरेखीखाली आरोग्यसेवक रुग्णांच्या घरी, प्रसंगी पुलाखाली आणि बागेतल्या बाकावर जाऊन गोळ्या देऊ लागले. त्याबरोबर निवारागृहांतली गर्दी कमी केली, रुग्णालयांत खोकणाऱ्यांना वेगळे ठेवले. दोन वर्षांत रुग्णसंख्या ३,८११ वरून २,९९५ वर आली. हेच डॉ. फ्रीडन पुढे १९९६ साली भारतात आले आणि आपल्याकडच्या डॉट्स कार्यक्रमाच्या उभारणीत त्यांनी अनेक वर्षे मदत केली.

४४ लाख अक्षरांची कुंडली

ठसे घेण्याची ती पद्धत आज फारच पुढे गेली आहे. १९९८ साली क्षयजंतूची संपूर्ण जनुकीय कुंडली वाचून झाली. तिच्यात सुमारे ४४ लाख अक्षरे आहेत. ही अक्षरे फार सावकाश बदलतात, साधारण दोन वर्षांत एखादे. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंत पाचच अक्षरांचा किंवा त्याहून कमी फरक असला, तर समजायचे की रोग अलीकडेच एकाकडून दुसऱ्याकडे, किंवा तिसऱ्याच कुणाकडून दोघांकडे गेला. त्या दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसेल. एकाच डब्यातून प्रवास केला असेल, एकाच दवाखान्याच्या ओसरीत बसले असतील.

दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी या गावच्या रुग्णालयात २००५-०६ साली एक्स.डी.आर. क्षयाचे ५३ रुग्ण आढळले. त्यांपैकी ५२ दगावले. निम्म्याहून अधिकांनी त्याआधी क्षयाचे औषध कधीच घेतलेले नव्हते, आणि ज्यांचे जंतू तपासले त्यांतल्या बहुतेकांचे ठसे सारखे होते. त्यांनी काय चुकवले होते? काहीच नाही. त्यांनी फक्त श्वास घेतला होता.

आणि आपली मुंबई? २००९ साली फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेच्या संशोधकांनी शहराच्या काही विभागांतली पाहणी प्रसिद्ध केली. प्रथमच उपचाराला आलेल्या रुग्णांतही २४ टक्के एम.डी.आर. आढळले. देशभराचे प्रमाण इतके नाही. २०१४ ते २०१६च्या राष्ट्रीय पाहणीत नव्या रुग्णांमध्ये ते २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांमध्ये ११.६० टक्के निघाले. पण नव्या रुग्णांची संख्याच इतकी मोठी, की २.८४ टक्के म्हणजेसुद्धा हजारो घरे.

मग २०२२ साली आणखी एक अभ्यास आला. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जमलेल्या १,८५२ रुग्णांच्या जंतूंची संपूर्ण कुंडली वाचली गेली. एम.डी.आर. असून शिवाय फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांनाही दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणावर सापडले. आणि त्यांच्यामागे जंतूंची काही ठरावीक, शहरात मूळ धरून बसलेली घराणी होती. ही औषधे म्हणजे खोकला, जुलाब, लघवीची जळजळ, कशावरही सर्रास दिल्या जाणाऱ्या त्या 'स्ट्राँग' गोळ्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आपल्या चाळीतल्या मुलीला दिलेली गोळी आठवते ना? अशा गोळीने क्षय बरा होत नाही, काही दिवस दबतो मात्र. निदान लांबते आणि जंतूला सराव मिळतो.

जिथे ऊन पोचत नाही

क्षय ताटातून, कपड्यांतून, हातात हात दिल्याने होत नाही. तो हवेतून होतो. खोकल्याबरोबर उडालेले सूक्ष्म कण बंद खोलीच्या हवेत तासन् तास तरंगत राहतात. उजेड आणि वारा मिळाला की त्यांचा जोर सरतो. म्हणजे रोगाचा माग काढत गेलो, तर तो माणसापाशी थांबत नाही. घरापाशी येऊन पोचतो.

मुंबईच्या एम-पूर्व विभागात, गोवंडी-मानखुर्दकडे, झोपडीवासीयांसाठी बांधलेल्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आय.आय.टी. मुंबईच्या तज्ज्ञांनी केली. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की मधल्या फटीतून ऊन खाली उतरत नाही. तिसरी, पी.एम.जी.पी. वसाहत जुनी, पण मोकळी. खेटून बांधलेल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण मोकळ्या वसाहतीच्या कितीतरी पट निघाले. त्यातही खालच्या मजल्यांवरची घरे जास्त सापडली, कारण उजेड-वारा तिथेच सर्वांत कमी.

झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबाला केवढा आनंद झाला असेल! आणि त्याच घराच्या भिंतींनी त्यांच्या मुलांची हवा अडवली. यात रुग्णाचा हलगर्जीपणा कुठे आला?

लिमा या पेरू देशाच्या राजधानीत २००७ साली रुग्णालयांची अशीच पाहणी झाली. उंच छतांच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, खिडक्या उघड्या असताना, यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या दालनांपेक्षा रोगाचा धोका कमी आढळला. आपल्याकडच्या जुन्या आरोग्यधामांचे लांबच लांब व्हरांडे उगाच नव्हते.

पाच महिने का वाया गेले?

त्या मुलीच्या गोष्टीतली सर्वांत दुःखद बाब कोणती? ते पाच महिने. तिच्या अंगात पहिल्या दिवसापासूनच एम.डी.आर.चे जंतू होते. पाच महिने तिने जी औषधे घेतली, त्यातली मुख्य औषधे तिच्यासाठी पाण्यासमान होती. त्या काळात धाकटा भाऊ त्याच खोलीत झोपत होता.

पूर्वी जंतू वाढवून औषधे तपासायला दीड-दोन महिने लागत. आज तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्यता दिलेले 'जीन एक्सपर्ट' यंत्र थुंकीच्या नमुन्यातून दोन तासांत क्षय आहे की नाही आणि त्यावर रिफॅम्पिसिन चालेल की नाही, हे दोन्ही सांगते. गोव्यात तयार झालेले, बॅटरीवर चालणारे 'ट्रूनॅट' यंत्र आता खेड्यातल्या आरोग्य केंद्रांपर्यंत पोचले आहे; त्याला २०२० साली जागतिक मान्यता मिळाली. प्रत्येक क्षयरुग्णाची अशी तपासणी सुरुवातीलाच व्हावी, हे राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरण आहे. सरकारी केंद्रांत ती मोफत होते.

म्हणजे साधन आहे. फक्त ते पहिल्या दिवशी मागायला हवे.

दोन वर्षांवरून सहा महिन्यांवर

एम.डी.आर. म्हणजे मरण, असे मात्र मुळीच नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा उपचार फार खडतर होता हे खरे. दोन वर्षे, हजारो गोळ्या, आणि महिनोन् महिने रोजची इंजेक्शने. त्यातल्या कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांनी अनेकांचे कान गेले.

मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांनी क्षयावरच्या अशाच उपचारात २०१३ साली श्रवणशक्ती गमावली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचेही तसेच झाले. खचून घरी बसण्याऐवजी या दोघींनी २०१९ साली एका मोठ्या लढ्यात उडी घेतली. बेडाक्विलिन या नव्या गोळीमुळे इंजेक्शने टाळता येत होती. पण तिच्यावरची मक्तेदारी आणखी काही वर्षे लांबवण्यासाठी कंपनीने भारतात नवे पेटंट मागितले होते. या दोघींनी त्याला हरकत घेतली. २०२३च्या मार्चमध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ पेटंटही संपले आणि भारतीय कंपन्यांना ही गोळी बनवण्याची वाट मोकळी झाली.

२०२४च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने चार औषधांच्या नव्या उपचाराला मंजुरी दिली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. सगळ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या. एकही इंजेक्शन नाही. बहुतेकांचा उपचार सहा महिन्यांत आटोपतो. तो प्रत्येकाला चालतोच असे नाही, आणि रक्त, डोळे, हृदय यांच्यावर डॉक्टरांना लक्ष ठेवावे लागते. तरीही दोन वर्षांचे सहा महिने होणे ही केवढी मोठी गोष्ट!

मात्र नव्या औषधांचीही जुन्यांसारखी गत व्हायला वेळ लागणार नाही. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू जगात दिसू लागलेच आहेत. तेव्हा ही औषधे मोजूनमापून, तपासणी करूनच वापरायला हवीत.

आपल्या घरात

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर खोकल्याच्या औषधावर दिवस काढू नका. थुंकीची तपासणी करून घ्या.

क्षय निघाला तर पहिला प्रश्न विचारा : "यावर कोणती औषधे चालतील याची तपासणी झाली का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगल्या डॉक्टरांना तो आवडेल.

घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करा. उपचार सुरू होऊन डॉक्टर सांगेपर्यंत रुग्णाने मास्क वापरावा. खिडक्या उघड्या ठेवा; कपाट किंवा पडद्याने त्या बुजवू नका. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही.

पोटभर, सकस जेवण द्या. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना अधिकचे धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यातल्या नव्या क्षयाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला उपचारकाळात आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती मागून घ्या, तो हक्क आहे. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे.

आणि अखेरचे, पण औषधाइतकेच महत्त्वाचे. "गोळ्या सोडल्या असशील" हे वाक्य तोंडातून काढू नका. दोषाच्या भीतीने माणसे आजार लपवतात. मुलीचे लग्न मोडेल, नोकरी जाईल, शेजारी बोलणे टाकतील, म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाहीत. लपवलेला खोकला बंद खोलीत घुमत राहतो, आणि रोगाची साखळी आणखी एका कडीने वाढते.

त्या चाळीतल्या आईला आता उत्तर देता येईल. बाई, तुमचे काही चुकले नाही. तुमच्या मुलीने एकही गोळी चुकवली नाही. तिने या शहराच्या हवेत श्वास घेतला, तुम्ही-आम्ही सगळे घेतो तसाच. आता योग्य तपासणी झाली आहे, योग्य गोळ्या सुरू होतील. तेवढी ती खिडकी उघडा.